मॅडम बसल्या

मला कुत्री आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला प्रेमळ वगैरे ठरवणार नाही. मी दातांच्या दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसते, लोकांना वेळा देते आणि आत जायला घाबरणाऱ्यांना पाणी देते. दिवसभर दुसऱ्यांची कुरकुर ऐकल्यावर घरी मला शांतता लागते. माझ्या धाकट्या भावाला हे पुरतं ठाऊक होतं. तरी तो एक कुत्री घरी घेऊन आला आणि म्हणाला, "ताई, आता ही इथेच राहील. ती रिटायर झाली."

भाऊ विमानतळावर नोकरीला आहे. बाहेरदेशाहून आलेले लोक सामानाच्या फिरत्या पट्ट्याभोवती पेंगत उभे असतात, तिथे तो आणि ही कुत्री हिंडायचे. ताजी फळं, भाज्या, रोपं, बिया असलं काही आत येऊ द्यायचं नाही, कारण त्याबरोबर कीड येते आणि इथल्या बागांची वाट लावते. कुत्रीचं काम एवढंच. बॅगा हुंगायच्या आणि जिच्यात असा माल असेल तिच्याशेजारी गप्प बसायचं. भुंकायचं नाही, पंजा मारायचा नाही, तोंड तर मुळीच लावायचं नाही. ती बसली की भाऊ कमरेच्या पिशवीतून एक बिस्किट काढून तिला द्यायचा आणि प्रवाशाला म्हणायचा, "जरा बॅग उघडता का?"

कागदोपत्री तिचं नाव काही वेगळंच होतं, पण तिथे सगळे तिला मॅडम म्हणायचे. "मॅडम बसल्या" असं कुणी म्हटलं की भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. टॉवेलात गुंडाळलेलं एकुलतं एक सफरचंद, बुटात कोंबलेल्या शेंगा, सगळं मॅडमनी बसून बाहेर काढलं. एकदा त्या चक्क एका पायलटशेजारी बसल्या, तर त्याच्या कोटाच्या खिशात अर्धं केळं निघालं. असले किस्से भाऊ रोज रात्री जेवताना सांगायचा. त्याला दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतं. त्याचं लग्न केव्हाच मोडलं होतं, माझं झालंच नव्हतं, आणि आईवडील गेल्यापासून आम्ही दोघं या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकमेकांच्या पायात न येता राहत होतो.

मॅडमचं वय झालं म्हणून त्यांना घरी पाठवलं, आणि भावाला नवीन कुत्रा देण्याऐवजी वरच्या मजल्यावर एका टेबलामागे बसवलं. पण कमरेची पिशवी मात्र त्याने घरीही सोडली नाही.

मॅडम घरी आल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी बाजारातून आले आणि पिशवी जमिनीवर ठेवली. मॅडम आल्या, नाक लावलं आणि शेजारी बसल्या. मान ताठ, नजर थेट भावाच्या तोंडाकडे. भावाचा चेहरा असा उजळला की मला ओळखू येईना. "बघितलंस? नाक अजून शाबूत आहे!" असं म्हणून त्याने कमरेच्या पिशवीत हात घातला.

मग काय विचारता. मी फ्रीज उघडला, मॅडम बसल्या. ओट्यावर टोमॅटो, मॅडम ओट्याखाली. मी डब्यात काकडी घेऊन कामाला निघाले की दारात आडव्या. खालच्या काकू लिफ्ट कायमची बंद म्हणून भाजी घेऊन जिना चढत असल्या की मॅडम त्यांच्याही पिशवीशी बसायच्या आणि काकू हात वर करून म्हणायच्या, "मी काही चोरून आणलेलं नाही हो." दर बसण्याला एक बिस्किट. जिथे आख्ख्या विमानात चार चोर सापडायचे, तिथे आमच्या एका स्वयंपाकघरात सकाळ-संध्याकाळ माल पकडला जात होता. आम्ही एका पेन्शनरला घरी आणलं होतं आणि तिला ओव्हरटाइम देत होतो, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. मला तर गंमत वाटायची, हे कबूल करते.

मॅडम उशीसारख्या फुगल्या. मग एक दिवस जिना चढताना त्या मधल्या पायरीवर थांबल्या आणि पुढे येईनात. भावाने उचलून आणलं. दुसऱ्या दिवशी बसताना त्यांची मागची बाजू घसरली. उठून पुन्हा बसल्या, पुन्हा घसरल्या. मी सुट्टी टाकली आणि आम्ही त्यांना प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरीण आडदांड बाई होती. तिने मॅडमचे मागचे पाय दाबले, वाकवले, फोटो काढून उजेडासमोर धरला. "खुब्याचे सांधे झिजलेत," ती म्हणाली. "वयाचं आहे थोडं, पण वजनाचं जास्त आहे. वजन उतरलं नाही तर मागचे पाय जातील. आणि मागचे पाय गेलेला कुत्रा किती दिवस काढतो ते मी तुम्हाला सांगत बसत नाही."

"औषध?" भावाने विचारलं.

"वेदनेचं देते. पण खरं औषध म्हणजे बिस्किटं बंद. काय घालता दिवसभर?"

भावाने कमरेची पिशवी शर्टाखाली सरकवली. मीच सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी डोळे वटारले, मग समजुतीने बोलायला लागल्या. तोंडात काहीतरी टाकायची सवय असेल तर भाजी द्या. गाजर, काकडी, फरसबी, उकडलेला भोपळा. मीठ, तेल, तिखट काही नको. सफरचंद चालेल, पण गाभा आणि बिया काढून. केळं अगदी थोडं, गोड असतं. पीच, आलुबुखारसारख्या फळांच्या कोयी कधीच नकोत, आतड्यात अडकतात. मक्याचं कणीससुद्धा त्याच कारणासाठी नको. कांदा, लसूण कच्चा नको, शिजवलेला नको, कशातही मिसळलेला नको. द्राक्षं आणि बेदाणे तर घरातच आणू नका. "एखाद्या कुत्र्याला मूठभर खाऊनही काही होत नाही, आणि एखाद्याची थोड्यावर मूत्रपिंडं बसतात. तुमचा कोणता ते आधी कळत नाही. तेव्हा परीक्षा घ्यायची नाही." तुकडे बारीक करा, एका वेळी एकच नवी गोष्ट द्या, पोट बिघडलं तर थांबा, आणि मुख्य जेवण तिचंच राहू द्या, भाजी फक्त वरखर्चाला.

"कुत्र्यांना गाजर फार आवडतं," बाई शेवटी म्हणाल्या. "कुरकुरीत असतं ना. ती खूश होईल."

"नाही होणार," भाऊ म्हणाला.

मी बारीक कापण्यात कुणाला हार जाणारी नाही. संध्याकाळी गाजराचे नखाएवढे तुकडे केले आणि मॅडमच्या वाडग्यात ठेवले. मॅडम लंगडत आल्या, हुंगलं आणि वाडग्याशेजारी बसल्या. बसताना त्यांच्या घशातून बारीक आवाज आला. पाय आखडत होता. तरी मान ताठ, आणि नजर भावाच्या तोंडाकडे.

"खा," मी म्हटलं.

मॅडमनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"खा गं, तुझ्यासाठीच आहे," भाऊ म्हणाला, पण त्याचा आवाज असा होता की मीसुद्धा खाल्लं नसतं. मॅडम बसून राहिल्या. मागचे पाय थरथरायला लागले. उठल्या नाहीत. शेवटी भावाला बघवेना, त्याने बिस्किट काढलं. ते खाऊन त्या सुटल्या आणि कोपऱ्यात जाऊन धपकन पडल्या.

"डॉक्टर काय म्हणाल्या ते ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मग?"

"बघवत नाही ताई."

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या कमरेची पिशवी काढून कपाटात कुलपात घातली. त्याने भांडण केलं नाही, याचं मला नवल वाटलं. मग मी भोपळा उकडून, कुस्करून, मॅडमच्या नेहमीच्या जेवणात कालवला. मॅडमनी वाडगं हुंगलं आणि शेजारी बसल्या. स्वतःच्याच जेवणाची तक्रार नोंदवत होत्या. ते जेवण तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी फरसबी. तेही राहिलं. वजन उतरवायचं म्हणजे उपाशी मारायचं नव्हे, इतकं मलाही कळतं. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसून गाजर कचाकचा खाऊन दाखवलं. मॅडम माझ्याशेजारी बसल्या. मी पकडली गेले.

मला कुत्री आवडत नाहीत, पण दुखऱ्या पायावर कुणी माझ्याशेजारी इमानदारीत बसून राहिलं की मला स्वतःचाच राग येतो. तो राग मी भावावर काढला.

"तू शिकवलंस ना हे तिला? मग तूच मोड. तुझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही ती."

"मोडता येत नाही."

"का?"

तो उठला, फ्रीजमधून खालच्या काकूंनी दिलेली द्राक्षं काढली आणि त्यातलं एक जमिनीवर टाकलं. मी ओरडले. मॅडम आल्या, द्राक्ष हुंगलं आणि त्याच्याशेजारी बसल्या. नाकापासून वीतभर अंतरावर विष पडलं होतं आणि त्या नुसत्या बसल्या होत्या. भावाने द्राक्ष उचललं.

"हे मोडायचं?" तो म्हणाला. "आज तिला जगातल्या कुठल्याही फळापासून धोका नाही. एकदा का फळ म्हणजे खायची वस्तू हे तिच्या डोक्यात बसलं, की मग मी कुठे कुठे पुरे पडणार? जिन्यात पडलेला बेदाणा, कचऱ्यातला कांदा, काकूंची पिशवी... तू गाजर शिकवशील, ती द्राक्ष शिकेल."

बोलणं बिनतोड होतं. मी माझ्या दवाखान्यातून डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि तेच शब्द त्यांच्यापुढे ठेवले. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. पण तेवढ्या भीतीने बाकीच्या कुत्र्यांना कुणी गाजर देणं थांबवत नाही. खाणं फक्त वाडग्यातूनच द्या, हातातून नाही, जमिनीवरून नाही, पिशवीतून तर नाहीच. द्राक्षं-कांदे वर ठेवा, कचऱ्याला झाकण लावा, शेजाऱ्यांना सांगा. राहिलेला धोका घ्यावा लागेल. पाय जाण्याचा धोका मोठा आहे." आणि मग विचारलं, "ती कामावर असताना खात नसे, ते कळलं. पण कामावरून सुटल्यावर?"

हे मी घरी येऊन भावाला विचारलं.

तो खिडकीशी उभा होता. माझ्याकडे न वळता त्याने काचेवरची धूळ बोटाने पुसली, आणि घोडं कुठे पेंड खातंय ते मला तेव्हाच कळायला लागलं.

"शिफ्ट संपली की मी तिला मागच्या खोलीत न्यायचो," तो म्हणाला. "अंगावरचं जाकीट काढायचो आणि म्हणायचो, सुट्टी. एवढंच. तो शब्द ऐकला की ती साधी कुत्री व्हायची. लोळायची, माझे बूट पळवायची. मग सकाळी जाकीट घातलं की पुन्हा मॅडम."

"आणि शेवटच्या दिवशी?"

"शेवटच्या दिवशी मोठ्या साहेबांनी जाकीट काढलं. हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, फोटोसाठी. केक होता. टाळ्या वाजल्या. कुणीतरी ते जाकीट भिंतीवर लावायला घेऊन गेलं. मी तिला तशीच गाडीत घालून घरी आणली."

"म्हणजे तू तो शब्द..."

"म्हणायचा राहिला."

मॅडम दारात बसल्या होत्या. मी नुकतीच आणलेली भाजीची पिशवी तिथे होती. म्हणजे इतके महिने ही बाई कामावर होती. इतके महिने तिची शिफ्टच संपली नव्हती. मला हसू आलं आणि दुसऱ्याच क्षणी मला भावाला दोन थपडा माराव्याशा वाटल्या.

"राहिला म्हणजे? दुसऱ्या दिवशी म्हणायचा."

"आठवलं होतं. त्याच रात्री आठवलं होतं." त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "पण मग सकाळी तू भाजी आणलीस आणि ती बसली. ताई, मला वर टेबलावर दिवसभर कुणी विचारत नाही. कुणी माझ्याकडे बघतसुद्धा नाही. घरी आलो की ही बसते आणि बघते. आता काय करायचं ते मीच सांगणार, असं बघते. म्हटलं, राहू दे आणखी थोडे दिवस."

द्राक्षाचं कारण खोटं नव्हतं. पण ते पुढे उभं करून हा मागे लपला होता, हे आम्हा दोघांनाही आता कळलं होतं. मी त्याला लागेल असं बोलू शकले असते. माझ्या जिभेवर बरंच काही आलं होतं. पण मॅडमचे मागचे पाय थरथरताना दिसले आणि मी एवढंच म्हटलं, "तिला दुखतंय रे."

तो खाली बसला. मॅडमच्या समोर, जमिनीवर, ऑफिसच्या कपड्यांत. जाकीट नव्हतंच, तरी त्याने हात तिच्या छातीखालून नेऊन नसलेला पट्टा सोडवल्यासारखं केलं.

"सुट्टी," तो म्हणाला.

मॅडम हलल्या नाहीत. त्यांचे कान तेवढे मागे गेले. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, मग भावाकडे. बहुधा त्यांचा विश्वास बसत नव्हता.

"सुट्टी मॅडम. सुट्टी. झालं सगळं."

मग त्या उठल्या, मागचा पाय ओढत चार पावलं पुढे आल्या आणि जमिनीवर आडव्या होऊन लोळायला लागल्या. पोट वर, पाय हवेत, तोंडातून कसले कसले आवाज. उशीएवढी म्हातारी कुत्री असं काही करू शकते हे मला माहीत नव्हतं. भाऊ तिच्या पोटावर हात ठेवून बसला आणि रडला. त्याला रडताना मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात गेले आणि गाजर कापायला घेतलं, कारण तेवढंच मला करता येण्यासारखं होतं.

त्या संध्याकाळी मॅडमनी गाजर लगेच खाल्लं नाही. एक तुकडा तोंडात घेतला, जमिनीवर ठेवला, चाटला, पुन्हा घेतला. मग कुरकुर असा आवाज आला. मग दुसरा तुकडा. वाडगं रिकामं करून त्यांनी ते चाटत भिंतीपर्यंत ढकलत नेलं.

द्राक्षं मी काकूंना परत दिली आणि खालच्या दोन्ही मजल्यांवर सांगून आले की जिन्यात काही सांडू नका, आमचं कुत्रं आता खातं. कांदे-लसूण छताजवळच्या फळीवर गेले. एका आठवड्यात एकच भाजी. फरसबी आवडली, काकडी खूप आवडली, भोपळा नुसता सहन केला. केळ्याने पोट बिघडलं, ते बंद केलं. बिस्किटं मी डबाच्या डबा खालच्या वॉचमनला गल्लीतल्या कुत्र्यांसाठी देऊन टाकली. मॅडमचं वजन उतरायला लागलं, हळूहळू, पण उतरायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी पाय वाकवून पाहिले आणि पहिल्यांदाच हसल्या. पाय नवे होणार नाहीत, पण राहतील, असं म्हणाल्या. मॅडम जिना पुन्हा चढायला लागल्या, मध्ये एकदा विश्रांती घेऊन.

आता मी बाजारातून आले की मॅडम पिशवी हुंगतात आणि निघून जातात. फ्रीज उघडला तरी येत नाहीत. विळीचा आवाज झाला तर मात्र येतात आणि माझ्या पायाशी घुटमळतात. मी डोळे वटारते, त्याचा काही उपयोग होत नाही. मला कुत्री आवडत नाहीत, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

भाऊ संध्याकाळी घरी येतो. दारात बूट काढतो, मॅडम शेपटी हलवतात, त्याच्या हाताला नाक लावतात. मग परत खिडकीखालच्या उन्हात जाऊन झोपतात. बस. पूर्वी तो उठला की त्यांची मान उठायची, तो दुसऱ्या खोलीत गेला की त्या दारापर्यंत जायच्या. आता तो खोलीतून तीनदा आत-बाहेर झाला तरी त्यांचा डोळा उघडत नाही. तो मुद्दाम आत-बाहेर करतो, हे मला दिसतं. मी कानाडोळा करते.

एकदा सुट्टीच्या दिवशी तो स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "आज मी कापतो." मी विळी बाजूला सरकवली, त्याला सुरी दिली. त्याने सफरचंद घेतलं, चार फोडी केल्या, गाभा कापून टाकला, एकेक बी शोधून काढली, पुन्हा उजेडात धरून पाहिलं. नखाएवढे तुकडे केले. माझ्यापेक्षा वेळ लागला, पण काम चोख होतं. वाडगं खाली ठेवून तो मागे सरकला आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिला.

मॅडम आल्या. वाडग्यात तोंड घातलं, सगळं खाल्लं, तळ चाटला आणि वळून उन्हात गेल्या.

"एकदाही वर बघितलं नाही," भाऊ म्हणाला.

"नाही," मी म्हटलं.

मग वाकून त्याने रिकामं वाडगं उचललं, नळाखाली धरलं आणि घासायला लागला.

"चांगलं झालं," तो म्हणाला. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही.